खापराची साक्ष : अरिकमेडूच्या कालमापनाचें पुनःपरीक्षण

मोडी दप्तरांत बसणाऱ्यास एक प्रसंग वारंवार येतो. पत्रावर चंद्र असतो, महिना असतो. साल मात्र नसतें. त्याच रुमालांत शके १६८२ चें एखादें सालासकट पत्र निघालें, कीं भोंवतालचीं बिनसालीं पत्रेंही त्याच सालांत बसविण्याचा मोह अनावर होतो. परंतु रुमाल बांधणारा कारकून निराळा आणि पत्र लिहिणारा निराळा. सालाच्या पत्रानें एवढेंच सिद्ध होतें कीं, रुमाल शके १६८२ च्या पूर्वीं बांधलेला नाहीं. त्यांतील दुसरें पत्र वीस वर्षें आधींचें असूं शकतें. शिवाय तशा जातीचीं पत्रें केव्हांपासून लिहिलीं जाऊं लागलीं, हें त्या एका रुमालावरून मुळींच ठरत नाहीं. ही गोष्ट आमच्या वाचकांस नवी नाहीं. ती येथें काढण्याचें कारण असें कीं, भारतीय पुरातत्त्वांतील एका अत्यंत प्रसिद्ध कालनिर्णयांत याच जातीची चूक झाली, आणि तिच्याविरुद्ध सविस्तर आक्षेप नोंदला जाण्यास सदतीस वर्षें लागलीं. ती चूक कशी झाली, कशी उघडकीस आली, आणि ती दुरुस्त करणाऱ्या शास्त्रीय पद्धतींवर तरी किती विसंबावें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पाँडिचेरीच्या दक्षिणेस अरियनकुप्पम् नदीच्या कांठीं अरिकमेडू हें स्थळ आहे. तेथील वस्तूंकडे विद्वानांचें लक्ष वेधलें तें झूवो-दुब्रेय या फ्रेंच पंडितानें. पुढें मॉर्टिमर व्हीलर हे इ. स. १९४४ सालीं भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनीं इ. स. १९४५ मध्यें तेथें उत्खनन केलें. त्याचा अहवाल खात्याच्या ‘एन्शंट इंडिया’ या पत्रिकेच्या दुसऱ्या अंकांत इ. स. १९४६ सालीं प्रसिद्ध झाला, अ. घोष व कृष्ण देव हे त्याचे सहलेखक होत. दक्षिण भारतांत तोंपर्यंत जुन्या वस्तींना निश्चित साल लावण्याचें साधन जवळजवळ नव्हतें. राजांच्या वंशावळी होत्या, लेख होते, नाणीं होतीं. परंतु जमिनींतील थर आणि हें सर्व साहित्य यांची सांगड कोणी घातलेली नव्हती. ती घालण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न या अहवालानें केला. थर कसे ओळखावे, प्रत्येक खापर कोणत्या थरांतील हें कसें नोंदावें, भांड्याच्या कांठाचा छेद कसा काढावा, या बाबतींत तो अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. पुढील टीका वाचतांना त्याचें हें श्रेय विसरूं नये.

त्या उत्खननांत परस्परांशीं निगडित अशीं तीन प्रकारचीं खापरें महत्त्वाचीं ठरलीं. पहिला प्रकार इटलींतील अरेत्सो या गांवाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या तांबड्या चकाकीच्या भांड्यांचा. यांस ‘अ‍ॅरेटाइन’ म्हणतात. यांवर कारखान्याच्या नांवाचे शिक्के असतात, आणि युरोपांतील संशोधनामुळें त्यांचा काळ बराच बांधलेला आहे, इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तीं मागें पडतात. दुसरा प्रकार दोन कानांच्या उंच मद्यकुंभांचा, म्हणजे अँफोरांचा. तिसरा प्रकार पातळ, गुळगुळीत, राखी-काळ्या रंगाच्या सपाट तबकांचा. यांचा कांठ आंत वळलेला असतो आणि आंतल्या तळावर बारीक दांत्यांच्या नक्षीचीं एकांत एक वर्तुळें असतात. बोटाच्या नखानें टिचकी मारली असतां धातूसारखा नाद येतो. उत्खनक यांस ‘रूलेटेड’ भांडीं म्हणतात.

व्हीलर यांची विचारसरणी अशी होती. अ‍ॅरेटाइन भांड्यांचा काळ ठाऊक आहे. तीं अरिकमेडूच्या थरांत सांपडलीं. म्हणून ते थर पहिल्या शतकाच्या पूर्वार्धाच्या आसपासचे. रूलेटेड तबकें त्यांच्या सोबत येतात. म्हणून तींही त्याच सुमाराचीं. दांत्यांची नक्षी करण्याची रीत भारताबाहेरची. म्हणून उत्तम प्रतीचीं तबकें बाहेरून आलेलीं असावींत, असा त्यांचा कल होता. येथवर अनुमान एका गांवापुरतें होतें. परंतु इ. स. १९४७ मध्यें त्यांनीं म्हैसूर प्रांतांतील ब्रह्मगिरी येथें उत्खनन केलें, तेव्हां तेथील वरच्या थरांत रूलेटेड खापरें मिळालीं. अरिकमेडूवरून त्या थरांस पहिलें शतक हें साल मिळालें. आणि त्यांच्या खालीं असलेल्या शिलावर्तुळांच्या संस्कृतीस उरलेली जागा मिळाली, ती सुमारें इ. स. पू. २०० ते पहिल्या शतकाचा मध्य एवढी. म्हणजे इटलींतील एका गांवच्या कुंभारांचें साल प्रथम तामिळ किनाऱ्यावर आलें, तेथून तबकांच्या पाठीवर बसून कर्नाटकांत गेलें, आणि तेथील पुरलेल्या माणसांच्या हाडांना लागूं झालें.

या साखळीच्या दोन कड्या कच्च्या होत्या. पहिली, आरंभाची. ज्या थरांत अ‍ॅरेटाइन खापर आहे तो थर त्या खापराहून जुना असूं शकत नाहीं, हें खरें. परंतु त्यामुळें सोबतच्या तबकांच्या जातीचा जन्म त्याच वेळीं झाला, हें सिद्ध होत नाहीं. तबकांची जात शंभर-दोनशें वर्षें आधींपासून चालत आलेली असून तिच्या उतारवयांत अ‍ॅरेटाइन भांडें तिला भेटलें असेल. रुमालांतील सालाच्या पत्राचा जो न्याय, तोच येथें. दुसरी कच्ची कडी उत्पत्तीची. नक्षीची रीत परकी म्हणून वस्तु परकी, हें अनुमान डोळ्यानें केलेलें होतें. माती कोठची, हा प्रश्न मातीस विचारलाच गेला नव्हता. पैठणीवर मोर आहे म्हणून ती मोरांच्या अरण्यांत विणली, असें कोणी म्हणत नाहीं. पण खापराच्या बाबतींत तसें म्हणणें फार दिवस विद्वत्तेचें लक्षण मानलें गेलें.

पहिली कडी तुटली ती विमला बेगली यांच्या लेखनानें. इ. स. १९८३ सालीं त्यांनीं अरिकमेडूच्या पुराव्याची फेरतपासणी प्रसिद्ध केली आणि रूलेटेड तबकांचा आरंभ इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकांत किंवा त्याहूनही मागें नेला. इ. स. १९८९ ते १९९२ या काळांत त्याच स्थळीं त्यांच्या नेतृत्वाखालीं पुन्हां उत्खनन झालें. ब्रह्मगिरीच्या खालच्या थरांचा न्याय वेगळ्या वाटेनें झाला. कर्नाटकांतील हल्लूर येथील लोखंडास किरणोत्सर्गी कार्बनच्या मापनानें इ. स. पू. १००० च्या सुमाराचा काळ मिळाला. विदर्भांत नायकुंड येथील शिलावर्तुळांची वस्तीही इ. स. पूर्वीच्या पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धांत गेली. ज्या संस्कृतीस अवघीं अडीचशें वर्षें दिलेलीं होतीं, तिला हजार वर्षांच्या जवळपास जागा द्यावी लागली. एका तबकाच्या वाचनावर केवढा इमला उभा होता, हें यावरून कळेल.

दुसऱ्या कडीची परीक्षा प्रयोगशाळेंत झाली. येथें पद्धतींविषयीं दोन शब्द अवश्य आहेत; कारण त्यांचीं नांवें ऐकून कोणी भारून जातो, तर कोणी बिचकतो. भाजलेल्या मातींत दोन वस्तु असतात : बारीक चिकण माती, आणि तींत मुळांत असलेले किंवा कुंभारानें मिसळलेले वाळूचे, खडकाचे, भुशाचे कण. पहिली पद्धति अशी कीं, खापराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप घांसून काढावा आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावा. इतक्या पातळ कापांतून प्रकाश आरपार जातो व खनिजें ओळखतां येतात. म्हणजे कण कोणत्या जातीच्या खडकांतून आले हें कळतें. दुसरी पद्धति क्ष-किरणांच्या विवर्तनाची. डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक खनिजांचे स्फटिक क्ष-किरण विशिष्ट कोनांत वळवितात, त्यावरून खनिजांची यादी मिळते. तिसरी पद्धति न्यूट्रॉनांच्या माऱ्याची. या माऱ्यानें मूलद्रव्यें किरणोत्सर्गी होतात, आणि मातींत लक्षांशानें असलेलीं द्रव्येंही मोजतां येतात. पहिली पद्धति खडक सांगते, दुसरी खनिजें सांगते, तिसरी द्रव्यांचें प्रमाण सांगते. कुंभाराचें गांव यांपैकीं कोणतीही स्वतः सांगत नाहीं. तें गांव तुलनेनें शोधावें लागतें.

रूलेटेड तबकांस या तिन्ही दिशांनीं प्रश्न विचारले गेले. बाली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर सेंबिरान येथें अशीं खापरें आर्डिका यांच्या उत्खननांत मिळालीं. आर्डिका, बेलवुड व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९१ व १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांनीं त्यांचें नातें अरिकमेडू आणि लंकेंतील अनुराधपूर येथील खापरांशीं जोडलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील विश्वास गोगटे यांनीं क्ष-किरण विवर्तनानें भारतांतील व आग्नेय आशियांतील खापरांची तुलना बंगालच्या मातीशीं केली आणि इ. स. १९९७ मध्यें चंद्रकेतुगढ-तामलुक हा प्रदेश तबकांचें उगमस्थान म्हणून पुढें मांडला. इ. स. २००५ मध्यें फोर्ड, पोलार्ड, कॉनिंगहॅम व स्टर्न यांनीं रासायनिक पृथक्करणावरून असें दाखविलें कीं, रूलेटेड आणि तिच्या जवळच्या इतर तलम राखी भांड्यांची माती भूगर्भदृष्ट्या एकाच प्रकारची आहे. तात्पर्य, हीं तबकें भूमध्यसमुद्राकडून आलीं हें मत टिकत नाहीं. तीं याच उपखंडांतील कुंभारांनीं घडविलीं आणि येथूनच लंकेंत व बालीपर्यंत गेलीं. रोमन व्यापारी येण्यापूर्वीं बंगालच्या उपसागरांत आमच्या मालाची ये-जा चालू होती, ही गोष्ट कोणत्याही ग्रंथानें इतक्या स्पष्टपणें सांगितलेली नाहीं. ती खापरानें सांगितली.

परंतु येथें समीक्षकानें थांबूं नये. व्हीलर यांस जो नियम लावला तोच प्रयोगशाळेस लावला पाहिजे. खापराची माती तामलुकच्या मातीसारखी आहे, एवढ्यावरून खापर तामलुकचें ठरत नाहीं. गंगेच्या गाळाचा प्रदेश शेंकडों मैल पसरला आहे, आणि एकाच नदीनें आणलेली माती दूरदूरच्या गांवांत सारखी असूं शकते. ‘जुळतें’ या शब्दाला वजन येण्यासाठीं ‘इतरत्र जुळत नाहीं’ हेंही तितक्याच कसोशीनें दाखवावें लागतें. गोदावरी, कृष्णा व कावेरी यांच्या मुखांजवळील मातीही त्याच तराजूंत घालावी लागते. शिवाय कुंभार माती चाळतो, निवळतो, दोन ठिकाणची मिसळतो. नदीकांठची माती आणि भांड्याची माती यांत त्याचा हात असतो. इ. स. २००५ च्या लेखाचा निष्कर्ष या दृष्टीनें अधिक संयमाचा वाटतो. उगम एका प्रकारचा आहे असें तो म्हणतो. गांवाचें नांव घेत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें बंगालचा पक्ष बलवान् आहे, परंतु तो अद्याप निवाड्याच्या पायरीवर आलेला नाहीं. ज्यांनीं तो निवाडा म्हणून पाठ्यपुस्तकांत घातला त्यांनीं व्हीलर यांचीच चूक नव्या यंत्रानें केली.

आतां दख्खनकडे वळूं. कारण हाच दोष आमच्या घरांतही आहे. महाराष्ट्रांत आणि पश्चिम किनाऱ्यावर सांपडलेल्या जाड बुडाच्या व लांबट कुंभांच्या खापरांवर बरींच वर्षें ‘रोमन मद्यकुंभ’ अशी चिठ्ठी लागत असे. कार्ल्याच्या लेण्यांत यवनांचीं दानें आहेत, ‘पेरिप्लस’ मध्यें तगर व पैठण यांचीं नांवें आहेत. तेव्हां खापर रोमन असणारच, अशी मनाची तयारी आधींच झालेली असे. इ. स. २००७ मध्यें रॉबर्टा टॉम्बर यांनीं भारतांतील अशा खापरांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. तींत असें निघालें कीं, रोमन म्हणून गणलेल्या खापरांपैकीं पुष्कळ खापरें भूमध्यसमुद्राकडचीं नसून मेसोपोटेमियाच्या बाजूचीं आहेत. तीं बिनकानांच्या, निमुळत्या बुडाच्या, आंतून डांबर लावलेल्या कुंभांचीं आहेत, आणि त्यांचा काळ पार्थियन, ससानी व आरंभीच्या इस्लामी अमलापर्यंत येतो. दक्षिण गुजरातेंत संजाण येथील उत्खननांतही असे कुंभ मिळाले आहेत. याचा अर्थ रोमच्या खातीं जमा धरलेली बरीचशी रक्कम इराणी आखाताच्या खातीं वळती करावी लागते, आणि तीही कित्येक शतकें पुढच्या सालांत.

याच्या उलट उदाहरणही दिलें पाहिजे, नाहीं तर टीका एकांगी होईल. नेवासें येथें प्रवरेच्या कांठीं इ. स. १९५४ ते १९५६ मध्यें डेक्कन कॉलेजतर्फे सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं उत्खनन केलें. तेथें मिळालेल्या मद्यकुंभांच्या खापरांची सुनील गुप्ता, विल्यम्स व पीकॉक यांनीं पुन्हां तपासणी करून इ. स. २००१ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील कांहीं खापरांत नेपल्सच्या आखाताभोंवतालच्या कँपेनिया प्रांताची ओळख म्हणून मानली जाणारी काळी ज्वालामुखी वाळू आढळली. म्हणजे येथें जुनी चिठ्ठी खरी ठरली : इटलीचें मद्य प्रवरेच्या कांठापर्यंत आलें होतें. पण आतां ती खरी आहे असें आपण म्हणतों तें मातीच्या साक्षीवरून म्हणतों, मनाच्या ओढीवरून नव्हे. एक सावधगिरी मात्र ठेवावी. नेवासें स्वतः ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणावर वसलें आहे. काळे कण दिसले कीं इटली, असा सोपा नियम कोणी करील तर आमच्या गांवोगांवच्या रांजणांनाही तो रोमन ठरवील. कण कोणत्या खनिजांच्या सोबतीनें येतात, हें पाहणें अवश्य आहे, आणि तें काम कापावरून होतें, हातांतील भिंगानें नव्हे.

येथपर्यंतच्या विवेचनाचा रोख आमच्या संग्राहक बंधूंकडे आहे, हें त्यांच्या लक्षांत आलेंच असेल. प्रस्तुत लेखकास एका खासगी संग्रहांत पत्र्याची एक पेटी पाहावयास मिळाली. पेटींत चाळीस-पन्नास खापरें होतीं. सर्व स्वच्छ धुतलेलीं, कांहींवर चकाकीसाठीं रोगण दिलेलें, आणि झांकणाच्या आंत ‘रोमन, सातवाहनकाल’ अशी चिठ्ठी. खापरें कोणत्या गांवचीं हें मालकांस आठवत होतें. पांढरीच्या टेकाडाच्या कोणत्या बाजूचीं, किती खोलीवरचीं, सोबत काय निघालें, हें कोणासच सांगतां येत नव्हतें. दोन खापरांच्या आंतील बाजूस काळ्या थराची किंचित् खूण उरली होती. बाकीचा थर घांसून काढलेला होता. भूमध्यसमुद्राकडील मद्यकुंभांस आंतून झाडाची राळ लावीत आणि मेसोपोटेमियाकडील कुंभांस डांबर. दिसावयास दोन्ही काळीं. पृथक्करणांत दोन्ही निराळीं. पेटींतील खापरें रोमचीं कीं आखाताकडचीं, या प्रश्नाचें एक उत्तर त्या काळ्या थरांत होतें, आणि तें मोरींतून वाहून गेलें होतें. मालक सज्जन व इतिहासाचे भक्त होते. मोडी पत्रावरचा शिक्का त्यांनीं कधींही धुतला नसता.

म्हणून कांहीं गोष्टी स्पष्टपणें लिहिणें इष्ट वाटतें. टेकाड उकरून खापरें काढूं नयेत. थरांतून सुटलेलें खापर म्हणजे मायना आणि शेवट फाडून टाकलेलें पत्र. नांगरटींत किंवा पांढरी माती नेतांना वर आलेलें खापर ठेवावयाचेंच असेल तर स्थळ, टेकाडाची बाजू, खोली आणि तारीख त्याच दिवशीं टिपावी. खापर धुवूं नये, रोगण देऊं नये, त्यावर कागद चिकटवूं नये. नक्षीचें ठेवून साधें फेंकूं नये. साध्या खापरांत स्थानिक माती असते, आणि परकी माती ओळखावयाची ती तिच्याशींच ताडून. ज्यास खापराच्या भाजणीचा काळ उष्णतादीप्तीच्या पद्धतीनें काढून घ्यावयाचा असेल त्यानें भोंवतालची मातीही नोंदीसह राखली पाहिजे. कारण जमिनींत पडल्यापासून खापरानें किती किरणोत्सर्ग शोषला हें त्या मातीवांचून नीट मोजतां येत नाहीं. आणि चिठ्ठीवर ‘रोमन’ असें लिहिण्याऐवजीं ‘लांबट कुंभाचें बूड, आंतून काळा थर’ असें जें दिसतें तेवढेंच लिहावें. चिठ्ठीवरचें नांव हा निष्कर्ष असतो, पुरावा नव्हे. निष्कर्ष चुकला तर बदलतां येतो. परंतु निष्कर्षासाठीं पुरावा घांसून टाकला तर पुढच्यास बदलावयास कांहीं उरत नाहीं.

अशा टीकेवर एक आक्षेप येतो. दर तीस-चाळीस वर्षांनीं नवें यंत्र यावयाचें आणि जुना निर्णय फिरवावयाचा, मग या शास्त्रावर विश्वास तरी काय ठेवावा? यास उत्तर व्हीलर यांच्याच अहवालांत आहे. त्यांचें कालमापन चुकलें. तरी तें चुकलें हें दाखवितां आलें, कारण त्यांनीं थर नोंदले होते, खापरांचीं चित्रें छापलीं होतीं आणि आपला निष्कर्ष कोणत्या पायऱ्यांनीं आला हें लपविलें नव्हतें. कोणती पायरी निसरडी, हें त्यांच्याच लिखाणावर बोट ठेवून सांगतां आलें. नेवाशाचीं खापरेंही साडेचार दशकांनंतर पुन्हां बोललीं तीं संग्रहांत जपून ठेवलीं होतीं म्हणून. राजवाड्यांनीं इ. स. १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड छापला तेव्हां अस्सल कागद पुढें ठेवला. त्यावरील त्यांचीं कित्येक मतें पुढें वादांत पडलीं, कागद मात्र राहिले. खापराच्या बाबतींत आमच्याकडून तेवढेंच अपेक्षित आहे. आमचीं मतें पुढचे लोक खोडतील, तर खुशाल खोडोत. खोडण्यापुरतें साधन त्यांच्या हातीं राहील एवढी काळजी आपण घ्यावी. इत्यलम्.